भागवत मिस्त्रींचा कायदा

दुसरबीडचे भागवत मिस्त्री गिऱ्हाइकाच्या घाईला भीक घालत नाहीत. गाडीच्या इंजिनाखालचं ॲल्युमिनियमचं ऑइल चेंबर तडकलं, तर वेल्डिंग करून सिलिकॉन लावायचं आणि रातभर वाळू द्यायचं, हा त्यांचा कायदा. त्या दुपारी चेंबर त्यांच्याच जीपचं होतं. सिलिकॉन अजून ओलं, आणि सून करिष्माला कळा सुरू झाल्या. दुसरी गाडी मिळेना. वाटेत तेल गळून इंजिन जाम झालं, तर सून रस्त्यातच अडकणार. शेवटी मिस्त्रींनी करिष्माला मागे बसवून तीच जीप काढली. एरवी गॅरेजात त्यांची चेष्टा करणारा मी शेजारी बसलो होतो; मलाही गंमत सुचेना.

वाटेतल्या बीबी गावाला त्यांनी गाडी थांबवली, खाली वाकून चेंबरला बोट लावलं. कोरडं. तरी पुन्हा लावलं.

"मामाजी, चेंबरले काऊन गोंजारता?" करिष्मा कण्हत म्हणाली. "मले पोचवा आधी."

लोणारचा दवाखाना येईपर्यंत तेलाचा लाल दिवा लागतो का, एवढंच मिस्त्री पाहत होते. रस्ता मला पाहावा लागला.