दोन दिवसांच्या मुलीचं नाव

लग्नानंतर सात वर्षांनी मला दिवस गेले तेव्हा वेरूळच्या महादेवाला केलेले सोळा सोमवार फळाला आले असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. मुलगी झाली आणि दोन दिवसांनी दवाखान्याच्या काचेच्या पेटीतच गेली. माझे टाके ओले होते. कापडात गुंडाळलेली ती मला एकदाच दाखवली. मग यजमान आणि सासरे तिला गाडीतून आमच्या गावी, देवगाव रंगारीला घेऊन गेले आणि शेताच्या बांधाशी पुरून आले. बारसं झालं नव्हतं, म्हणून कागदावर ती ‘बेबी ऑफ’ आणि पुढं माझं नाव, एवढीच राहिली.

भेटायला आलेल्या बायकांपैकी एक म्हणाली, लळा लागायच्या आधी गेली ते बरं झालं. सासूबाई म्हणाल्या, “आता तिचं नाव काढू नको.” काढायला नाव होतं कुठं? दीडेक वर्षानं गावचा रस्ता रुंद झाला आणि त्यात तो बांध गेला. ही गोष्ट मला जेवणं चालू असताना, भाजी वाढता वाढता कळली. त्या दिवसापासून मी देवाशी बोलणं टाकलं. बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांत देव्हारा होता, पूजा यजमान करायचे, कंपनीतली पाळी सांभाळून. मी त्याच्याकडं पाठ करून पोळ्या लाटायचे.

शहरातल्या एका सार्वजनिक बागेत, वारलेल्या मुलांच्या आठवणीसाठी एक कोपरा राखला आहे, हे मला शेजारणीनं सांगितलं. मुलीला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. घरी काही न बोलता एका गुरुवारी सकाळी मी रिक्षानं तिथं गेले. कडुलिंबाखाली काळ्या दगडाच्या छोट्या पाट्या होत्या, प्रत्येकीवर एक नाव आणि शेजारी आईबापांनी लावलेलं रोप. एका पाटीवर कुणीतरी प्लास्टिकची मोटार ठेवली होती. कुंपणापलीकडं घसरगुंडीवर मुलं ओरडत होती. मला त्यांचा राग आला. लिहायला लाज वाटते, पण आला.

तिथल्या राखणदारानं वही उघडली. “नाव सांगा, ताई.”

“नाव ठेवलेलंच नाही.”

“मंग पाटीवर काय कोरावं?” माणूस वाईट नव्हता. पेन हातात धरून थांबला होता बिचारा. पण मला वाटलं, देवा, आधी पोर नेलीस, मग तिची माती नेलीस, आता दगडसुद्धा देत नाहीस. “राहू द्या,” म्हणून मी वळले.

जवळच एक पन्नाशीची बाई बुरख्याच्या बाह्या वर सारून बाटलीतल्या पाण्यानं एक पाटी धूत होती. तिनं आमचं बोलणं ऐकलं असावं.

“कित्ते दिन की थी?” तिनं विचारलं.

“दोन.”

“हमारे में एक दिन का बच्चा रहा तो भी नाम रखते, फिर मिट्टी देते.” मग ती मराठीत म्हणाली, “तुम्ही मनात काहीतरी धरलं असंल की. बोला ना.”

चार वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, घरच्यांनीही नाही. “गिरिजा,” मी म्हणाले. ज्या देवाशी बोलणं टाकलं होतं, त्याच्याच घरातलं नाव.

“लिखो भाई, गिरजा,” ती राखणदाराला म्हणाली. त्यानं वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ विचारलं, तेव्हा मी पेन घेऊन स्वतःच लिहिलं आणि तिथंच खाली बसून रडले. तिनं समजूत घातली नाही. ती शेजारी बसून राहिली. धुतलेल्या पाटीवर ‘इरफान’ लिहिलं होतं. तिचा मुलगा, आठ वर्षांचा.

कुणी म्हणेल, तिला देवानंच पाठवलं. पण मला नाव मिळावं म्हणून त्यानं आधी तिचा इरफान नेला असेल, तर ही व्यवस्था मला मान्य नाही. तिनं विचारलं एवढंच मी जाणते.

संध्याकाळी यजमानांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, “मी तिला गाडीत मांडीवर घेतली होती, देवगावपर्यंत. बाबा म्हणले तोंड झाक. मी नाय झाकलं. हनुवटी तुझ्यासारखी होती.”

“मला का नाही सांगितलं?”

“तू कधी विचारलं नाय. अन् मला सांगवत नव्हतं.”

चार वर्षं मी या माणसाला दगड समजत होते.

त्यांच्या पुढच्या सुट्टीला आम्ही दोघं बागेत गेलो आणि प्राजक्ताचं रोप लावलं. त्यांनी हात जोडले. मीही जोडले. देवाला मी माफ केलेलं नाही. मात्र ‘का नेलीस’ हे आता विचारत नाही, कारण उत्तर आलं तरी ते मला पटणार नाही. तो प्रश्न त्याच्या पायाशी ठेवून दिला आहे. शरण जाणं याहून जास्त मला जमलेलं नाही. एका परक्या बाईनं माझ्या मुलीला पहिल्यांदा नावानं हाक मारली, हे उपकार मी नाकारत नाही. राग आहे तो आहे. देवानं तेवढं चालवून घ्यावं.