कापसाच्या गोदामातली मोरी

अकरा वर्षं झाली, दर शनिवारी सकाळी सव्वादहाच्या सुमारास एक माणूस माझ्या दुकानाच्या दारात वीस-पंचवीस लोकांना आणून उभं करतो आणि माझं गिऱ्हाईक अडवतो. डोक्याला गवती टोपी, गळ्यात छोटा माइक, हातात मिटलेली छत्री. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या या शहरात यादवी युद्धाच्या खुणा दाखवणारी दोन तासांची पायी सहल तो चालवतो. मी त्याच्याशी सगळे प्रकार करून पाहिले आहेत. तो उभा राहतो नेमकी तिथे सेलची पाटी लावली. तो बोलायला लागला की पायऱ्या झाडायला काढल्या. एकदा कुंड्यांना पाणी घालताना पाइप जरा वाकडा धरला. त्याने टोपी उचलून "गुड मॉर्निंग, मॅम" म्हटलं आणि भिजलेल्या बुटांनी पुढचं वाक्य सुरू केलं. इथले लोक शिवी देत नाहीत, त्यामुळे भांडण पुढे सरकतच नाही. माझ्यासारखीला त्याचा फार त्रास होतो.

माझा धंदा जुन्या फर्निचरचा. नागपूरहून नवऱ्याच्या मागे आले तेव्हा माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. लोक घर सोडताना खुर्च्या रस्त्यावर टाकून जात, त्या उचलून आणून मी गॅरेजमध्ये घासत बसे. परवानगी हातात आली त्याच आठवड्यात पहिलं टेबल विकलं. पुढे नदीजवळची ही विटांची जुनी इमारत घेतली. वर दुकान, खाली तळघर. घेतल्यावर कळलं की शहराची एक वारसा समिती असते आणि तिला विचारल्याशिवाय इथे खिळासुद्धा ठोकता येत नाही. तळघराचं रस्त्याकडचं दार इतकं अरुंद की साधं जेवणाचं टेबल पाय काढल्याशिवाय आत जात नाही. ते रुंद करू द्या म्हणून मी तीन वेळा अर्ज केला. तिन्ही वेळा उत्तर तेच: दार ऐतिहासिक आहे. बरं, इतिहास काय, ते कुणी सांगेना. अकरा वर्षं मी पाय काढलेली टेबलं आत नेतेय आणि पुन्हा जोडतेय.

या एप्रिलमध्ये ती इमारत विकायची ठरली. गुडघे बोलायला लागले होते. बाहेरच्या शहरातलं एक जोडपं तिथे लग्नाचा हॉल करणार होतं. वर समारंभ, खाली तळघरात मेणबत्त्या लावून पंगती. भाव ठरला होता, आणि चांगला ठरला होता, कारण तो मी ठरवला होता. सोमवारी सह्या. कागद वाचायला माझी मुलगी बॉथेलहून, देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून, आली. वकिलावर माझा विश्वास नाही, तिच्यावर आहे. शनिवारी सकाळी तिने मला फोनवर दोन तिकिटं दाखवली.

"आई, अकरा वर्षं त्या माणसाशी भांडतेयस. एकदा ऐक तरी तो काय बोलतो ते."

"पैसे देऊन? त्याला?"

"मी दिलेत. आणि रिफंड नाहीये. विचारू नकोस."

मग गेले.

कोर्टाच्या पायऱ्यांपासून सुरुवात झाली. मला बघून गाइड हसला. "आज आपल्यात एक खास पाहुणी आहे," तो सगळ्यांना म्हणाला, "सांभाळून राहा, हिच्याकडे पाण्याचा पाइप असतो." लोक हसले. मुलगीही हसली.

माणूस बोलतो छान, हे कबूल करते. चर्चच्या मनोऱ्यावर तोफगोळा कुठे लागला, सेनापती कुठल्या गॅलरीत उभा राहून नदीकडे बघायचा, बायकांनी घरचे पडदे फाडून जखमींसाठी पट्ट्या कशा केल्या. प्रत्येक जण शूर, प्रत्येक बाई सोशिक. मी धंदेवाली आहे, ज्या गोष्टीत माल कुठून आला ते सांगत नाहीत ती गोष्ट मला पटकन खटकते. एवढी मोठी घरं, एवढे खांब, हे सगळं कुणाच्या जिवावर? त्याच्या दीड तासाच्या गोष्टीत या शहरात कुणी कुणाला विकलं नव्हतं.

आमच्या घोळक्यात साधारण माझ्या वयाची एक काळी बाई होती. एकटीच आली होती. पायात चालायचे चांगले बूट, हातात छोटी वही. तिने शांतपणे विचारलं, "गुलाम माणसांचा बाजार कुठे भरायचा इथे?"

गाइडने टोपी सारखी केली. "ते मुख्यतः नदीच्या वरच्या बाजूच्या शहरांत, मॅम. आपलं गाव कापसाचं."

तिने वहीत काही लिहिलं नाही. वही मिटली.

पुढचा थांबा माझं दुकान. त्याने छत्रीने माझ्याच भिंतीकडे बोट केलं आणि म्हणाला, "हे जुनं कापसाचं गोदाम. युद्धाच्या आधी या तळघरात छतापर्यंत गाठी रचलेल्या असायच्या."

माझं डोकं सटकलं. आता वाटतं, त्याने तिला तसं उत्तर दिलं नसतं तर मी कदाचित गप्प बसले असते. सोमवार डोळ्यांसमोर होता. पण रागाला सोमवार दिसत नाही.

"या दारातून?" मी तळघराच्या दाराकडे बोट करून म्हटलं.

"सॉरी, मॅम?"

"गाठ या दारातून आत न्यायची? कशी? तिचे पाय काढून?"

माझे वडील अकोल्याच्या कापूस बाजारात मापारी होते. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर काट्यापाशी बसून असायची. गाठ काय चीज असते, तिला किती हमाल लागतात, तिच्यासाठी दार केवढं लागतं, हे मला शिकवायला नको. वडील सांगायचे, अमेरिकेत लढाई झाली, तिकडचा कापूस अडकला, म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. म्हणजे या लढाईचं मीही थोडं खाल्लेलं आहे. पर्समध्ये मेजर टेप कायम असतोच. मी तो दाराला लावला. दोन फूट. दार उघडलं, आत तीन पायऱ्या, आणि लगेच काटकोनात वळण.

"गाठ वळत नाही," मी म्हटलं. "आणि बघा, खिडकी एवढीशी, तीही हात पोचणार नाही इतकी वर, तिला गज. कापूस पळून जातो का? आत विटांच्या भिंती घालून बारक्या खोल्या केल्यात. कापसाला कुणी खोल्या करून देतं? आणि प्रत्येक खोलीत कोपऱ्यात मोरी आहे. दगडी, उताराची, बाहेर पाणी जायला भोक असलेली. कापसाच्या गोदामात मोरी? अहो, कापूसवाला पाण्याला आगीइतकाच भितो. मोरी जिथे माणसं ठेवतात तिथे लागते."

मुलगी माझी बाही ओढत होती. "आई. आई, प्लीज. मंडे आहे."

गाइडचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज तोच, साखर घातलेला. "मॅम, मी माझ्या मनाने काही सांगत नाही. माझ्याकडे कागद आहे."

"दाखवा! कुठल्या गाढवाने लिहिलाय ते तरी कळू दे."

त्याने फायलीतून एक पिवळं पडलेलं पत्रक काढलं आणि माझ्या हातात दिलं. वर माझ्या दुकानाचं चित्र. खाली लिहिलं होतं: 'ओल्ड कॉटन हाउस. जिथे एके काळी गाठी रचल्या जात, तिथे आज तुमच्या घरासाठी टेबल-खुर्च्या.'

"तुमचंच आहे, मॅम," तो म्हणाला. "दुकान उघडलंत तेव्हा तुम्हीच मला आणून दिलं होतंत. लोकांना सांगा म्हणाला होतात."

ते मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिलं होतं. इंग्रजी तपासलं होतं माझ्या मुलीने, तेव्हा ती शाळेत होती. मी 'बेल्स'चं, म्हणजे गाठींचं, स्पेलिंग चुकवलं होतं, ते तिने सुधारलं होतं.

घोळक्यातले दोघे-तिघे हसले, ते मला दिसलं. ती वहीवाली बाई हसली नाही. तिने विचारलं, "मला आत बघता येईल?"

"या," मी म्हटलं.

ती, मी आणि मुलगी, तिघीच खाली गेलो. गाइड आला नाही. त्याने बाकीच्यांना पुढच्या चौकात नेलं. बाई एका खोलीच्या उंबऱ्याशी थांबली. आत माझी विकायची कपाटं होती. मी ती ढकलायला लागले, तर तिने हात वर करून नको म्हटलं. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. बराच वेळ उभी राहिली, मग "थँक यू" म्हणाली आणि वर निघून गेली. मला काहीतरी बोलायचं होतं. मला नेहमी काहीतरी बोलायचं असतं.

"तुला कधी कळलं?" मुलीने मराठीत विचारलं. ती मराठीत बोलते तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

"काय कधी कळलं? आत्ताच सांगितलं ना, दार, मोरी..."

"आई, तू ते सगळं पाठ असल्यासारखं बोललीस."

खोटं बोलायची सवय मला आहे, धंद्यात लागते. तिच्याशी जमलं नाही. मी सांगितलं.

इमारत एका म्हाताऱ्या विधवेची होती. सौदा चालू असताना ती मला तळघर दाखवायला घेऊन आली होती. मोरीकडे बघून मी विचारलं, हे काय? ती बिचारी दबक्या आवाजात म्हणाली की विक्रीच्या दिवसापर्यंत बायका आणि त्यांची पोरं इथे कोंडून ठेवत, असं तिची आजी सांगायची; आमच्या घरात हे कुणी बोलत नाही, तुम्हीही बोलू नका. मी एक क्षणसुद्धा थांबले नाही. म्हटलं, "अशी जागा मग तुमच्याकडून घेणार कोण?" तिने भाव उतरवला. परत गाडीत बसताना मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं होतं की घरी जाऊन ह्यांना ते दोनदा सांगितलं. तेही खूश झाले होते. त्या बायकांबद्दल आम्ही दोघं काही बोललो नाही. मग दुकानाला नाव काय द्यावं म्हणून मी कापूस घातला. कापूस पांढरा असतो, मऊ असतो, पत्रकावर छान दिसतो.

मुलगी ऐकत होती. "आणि मी त्याचं स्पेलिंग करेक्ट केलं," ती म्हणाली. "आय वॉज फिफ्टीन, आई. तू मला सांगितलं पण नाहीस की आपण काय लिहितोय."

"तू लहान होतीस."

"इथे ठेवलेली मुलं पण होती."

मी तिच्यावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही; आईशी असं बोलतात का, या छपराखालच्या पैशावरच तुझं कॉलेज झालं, असंच काहीतरी. ती वर निघून गेली. माझा राग गाइडवर होता, समितीवर होता, त्या विधवेवर होता की तिने मला सांगितलंच का. सगळ्यांवरून फिरून तो परत माझ्याकडे येत होता, आणि मी त्याला जागा देत नव्हते.

सोमवारी सकाळी मी घेणाऱ्यांच्या दलालाला फोन केला. म्हटलं, सही करते, पण एक अट आहे. इथे काय होतं ते दाराशी, रस्त्यावरून वाचता येईल असं लिहायचं, आणि ते पुढे कुणी काढायचं नाही, असं खरेदीखतात घाला. आणि तळघरात पंगती नाहीत.

तो मोकळेपणाने हसला. "हे त्यांना अंदाजाने माहीतच आहे, मॅम. असल्या प्रत्येक इमारतीचं काही ना काही असतं. फक्त लग्नाच्या दारावर ते कोण लिहील?"

"मग इमारत माझ्याकडेच राहील."

"समजलो," तो म्हणाला. "तुम्ही फार कसलेल्या आहात, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं."

त्याच संध्याकाळी त्याचा निरोप आला. भाव वाढवला होता. मी पुन्हा फोन करून सांगितलं, भावाचा प्रश्न नाही, अट तीच. दोन आठवड्यांनी त्याने आणखी वाढवला. मी ओरडले, फोन आपटला. पुढच्या महिन्यात पुन्हा. त्याला वाटतं मी ताणून धरलंय. आयुष्यभर मी ज्या आवाजात 'नाही' म्हणत आले, त्या 'नाही'चा अर्थ सगळ्या जगाला 'अजून थोडं वर या' असाच कळतो, यात त्याची चूक नाही. मुलीला फोनवर सांगितलं तर तिनेही विचारलं, "पण आई, तू खरंच विकणार नाहीयेस ना?"

माझा भयंकर संताप झाला. "तुलासुद्धा असंच वाटतं?"

"मी फक्त विचारतेय."

खरी गोष्ट अशी आहे की तो जेव्हा जेव्हा नवीन आकडा सांगतो, तेव्हा 'नाही' म्हणण्याआधी मी तो मनातल्या मनात एकदा उच्चारून बघते. काल त्याचा पुन्हा फोन आला होता. आकडा खूप मोठा होता. मी नाही म्हटलं. यावेळी न ओरडता म्हटलं, म्हणजे तरी त्याला कळेल. पलीकडे तो हलकेच हसला आणि म्हणाला, "ठीक आहे मॅम, मी त्यांच्याशी अजून एकदा बोलून बघतो."