मारुती घोंगडी का पांघरत नाही

परवा मारुती आमच्या गिरणीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. बीडहून पार हैदराबादेला, हातात मधाचं मडकं... आणि माझ्या पोटात जळलं.

गावातल्या दोस्तांनो, तुम्हाला ठाऊक आहे. लहानपणी मेंढरं चारताना आम्ही कपिलधारच्या कड्याखाली धूर केला, आणि आग्या मोहोळ उठलं. मी मारुतीला आडवा पाडून माझी घोंगडी त्याच्यावर टाकली, वरून दाबून धरली. तरी दोघंही सुजलो.

आज तोच गडी त्याच कड्यावरून मध काढतो. आणि मी? गिरणीत मशीनची घरघर ऐकली की हात गार पडतात. मिस्त्रीनं मला दोनदा मशीनवर उभं केलं, दोनदा पळालो... आता तो शेवटचं एकदाच बघणार, नाहीतर गावाकडचा रस्ता.

गिरणीचे डॉक्टर म्हणाले, भीती काळजात नसते, मेंदूत असते. त्या घडीला जे जाणवलं, तेच तो जपून ठेवतो. मग मारुतीला काय वेगळा मेंदू मिळाला?... भर थंडीत उघडा बसतो, तुम्ही त्याला वाघ म्हणता. खरं सांगतो, लई जळायचो.

काल पहाटे माझ्या खोलीत थंडीनं त्याचे दात वाजत होते. मी माझी घोंगडी त्याच्या अंगावर टाकली... तर गडी ओरडून भिंतीला चिकटला.

"काढ बे! काढ आदी!"

"कावून रे? घोंगडीच हाय."

घोंगडी पायानं लांब सारून म्हणाला, "तवा तू वरून दाबलं व्हतंस. आत अंधार, दम घुटला... मेलोच म्हणलं. माश्यांचं मला कायबी याद न्हाई."

माश्या दोघांनाही त्याच होत्या. मी बाहेर राहून त्यांची घूं घूं घेतली, तीच मला मशीनमध्ये ऐकू येते; त्यानं आतला अंधार घेतला... आणि तो अंधार मीच दिलेला.

"हे गावात कळवू का?" मी विचारलं.

"कळीव. वाघ वाघ म्हणून थंडीनं मारलंय मला समद्यांनी."

आज तो मशीनच्या खोलीच्या दारापर्यंत माझ्यासोबत आला. हात गारच होते... पण तो दारात उभा होता, म्हणून पळालो नाही. मिस्त्री म्हणाला, उद्याही मशीनवर ये.

मधाचा हेवा अजून वाटतो, खोटं कशाला बोलू. पण तो गावाकडे निघताना त्याला पातळ सुती चादर घेऊन दिली. गावात आला की तीच पांघरू द्या त्याला... आणि हसू नका.