दौलत घाडीचा संप

काळाचौकीच्या त्या चाळीत दौलत घाडीइतका बियरचा दर्दी दुसरा नव्हता. पगाराच्या दिवशी तो आणि समोरच्या खोलीतला शिवा परब लालबागच्या बारमध्ये एक बाटली घेऊन बसायचे. शिवा घटाघट पिऊन मोकळा व्हायचा. दौलत मात्र घोट तोंडात घोळवत बसे, आणि ‘ही बाटली उन्हात पडली होती’ असं वेटरला ऐकवी. "अरे, बियर पितस की परीक्षा घेतस?" शिवा चिडवायचा. दोघं एकाच मिलमध्ये, एकाच साचाखात्यात, शेजारशेजारच्या मागांवर.

ब्याऐंशीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा दोघांनी गावच्या रवळनाथाच्या तसबिरीसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, शपथ घेतली: संप मागे घेईपर्यंत बियरला तोंड लावणार नाही. फार तर महिन्याभराची गोष्ट, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

दुसऱ्या वर्षी शिवाच्या घरात चूल पेटेनाशी झाली आणि तो मान खाली घालून मिलच्या गेटातून आत कामावर गेला. पहिल्या पगाराला तो बाटली घेऊन दौलतच्या दारात आला. "दौलत, मिटलो रे संप. आता घे." दौलतने बाटली हातातून काढून घेतली, मोरीत ओतली आणि दार लावलं. त्या दिवसापासून तो शिवाशी एक शब्द बोलला नाही. एकच नळ, एकच गणपती, पण बोलणं नाही. पुढे मिलच बंद पडली. शिवा रे रोडच्या वखारीत लाकडं उचलू लागला, दौलत वॉचमन झाला. संप मागे घेतल्याचं कोणी कधी जाहीर केलंच नाही, मग दौलतने तरी शपथ कशी सोडावी? माणूस आधीच हट्टी, त्यात हट्टाला देवाचा आधार. म्हातारपणी शिवा गेला तेव्हाही हा गॅलरीत उभा राहिला, पण त्याचा उंबरा काही ओलांडला नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर शिवाचा मुलगा माधव दौलतकडे आला. मिलच्या त्याच आवारात एक हॉटेल झालं होतं, तिथे तो बियर बनवायचा. "काका, चला ना. साचाखातं दाखवतो." साचाखात्याचं नाव काढल्यावर दौलतला राहवेना.

मागांच्या जागी लाकडी पिंपं आडवी रचलेली होती. माधवने एका पिंपातून तांबूस बियर ग्लासात काढली. "तीन वर्षं लाकडात मुरलीय. हे पिंप भरलं तेव्हा बाबा इथेच उभे होते. म्हणाले, पहिला ग्लास दौलतला दे."

"संप मिटलो काय?" दौलतने विचारलं. ती चेष्टा नव्हती.

माधवने ग्लास त्याच्यासमोर ठेवला. दौलतने आजूबाजूला पाहिलं. पुकारणारे गेले, मोडणारे गेले, मालकही गेले. मागे घ्यायला कोणी उरलंच नव्हतं. संप आता त्याच्या एकट्याच्या तोंडात उरला होता.

त्याने ग्लास उचलला.

"आंबट आहे हां, काका. आधी वास घ्या."

"माका शिकवतस?"

पहिल्या घोटाला जबडा आवळला. कच्च्या करवंदाचा आंबटपणा. त्याने घोट घोळवला. आंबट निवळलं, मागून जांभळाचा तुरटपणा आला, आणि अगदी शेवटी लाकूड, ओलं लाकूड. सूत भोकातून ओढायला साचेवाले मागाचा लाकडी धोटा तोंडाला लावून चोखत, त्याची ही चव. शिवा चहाला गेला की त्याचा माग दौलत सांभाळायचा, त्याचेच धोटे चोखायचा. दौलतला रडू आवरेना.

"बरी झाली हा," तो म्हणाला. "मुरली हा." ग्लास रिकामा करून त्याने खाली ठेवला. "संप मिटलो."

तिथून तो थेट शिवाच्या दारात गेला. चपला काढल्या, आत शिरला. शिवाची बायको बकुळा तांदूळ निवडत होती. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे.

"भावोजींनु," ती म्हणाली, "तुमी येशात म्हणान जेवताना ते दार उघडा ठेवीत. शेवटपर्यंत."

दौलत फोटोसमोर खाली बसला. "शिवा," एवढंच त्याला म्हणता आलं.