ओवीचं मनगट

दुबईत थंडी पडते म्हटलं की पुण्याची माणसं हसतात. हसोत बापडी. अल कुसैस भागातल्या घराच्या अंगणातल्या हौदातले गप्पी मासे मात्र डिसेंबर लागला की तळाशी गपगार पडून राहत, आणि हेमचंद्र त्यांना बादलीतून घरात आणी.

हेमचंद्र बागा आणि कारंजी बांधणाऱ्या कंपनीत साइट इंजिनियर. लोकांची तळी चोख बांधायचा. घरचा हौद तेवढा गळका. मासे हिवाळाभर बाथटबमध्ये राहत. खिडकी बंद, वर पिवळा बल्ब आणि सकाळ-संध्याकाळ गीझरचं थोडं थोडं पाणी. ते किती कोमट हवं, हे ठरवायचा मान लेकीचा. ओवी मनगट बुडवून डोळे मिटायची आणि म्हणायची, "खलास, बाबा." की गीझर बंद.

२००८ची मंदी आली आणि कंपनीची कामं एकामागून एक थांबली. हेमचंद्रची नोकरी टिकली, पण पगार निम्म्यावर आला. मार्चमध्ये त्याची बायको अनुपमा सात वर्षांच्या ओवीला घेऊन पुण्याला परतली. विमानतळावर ओवीने बजावलं, "बाबा, डोंट लेट देम गेट कोल्ड."

"तू परत येईपर्यंत एकालाही थंडी लागू देणार नाही," त्याने शब्द दिला.

पुढच्या डिसेंबरात त्याने एकट्याने मासे आत आणले. सिमेंटने राठ झालेल्या हाताला कोमटपणा काय कळणार? त्याने पुण्याला फोन लावला. "ओवी, पाणी किती कोमट गं?"

"लाइक माय मिल्क, बाबा."

त्याने खरंच दूध कोमट केलं. एक बोट दुधात, दुसरं टबात, असा तो गडी कितीतरी वेळ उकिडवा बसला. मग त्याच दुधाचा चहा केला. पुढच्या हिवाळ्यातही असाच फोन झाला, असंच दूध तापलं.

तिसऱ्या हिवाळ्यात पगार पूर्ववत झाला. "आता या," तो अनुपमाला म्हणाला.

"अरे, ती इथे रुळलीय. शाळा, मैत्रिणी. पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला."

आखातात वर्षं काढलेल्या माणसाला त्या इन्शाल्लामागचा नकार सांगावा लागत नाही. तरी त्याने ओवीला फोनवर बोलावलं. "बाळा, मासे आत आणलेत. पाणी किती कोमट ठेवू?"

मागे मैत्रिणींचा गलका होता. "बाबा, जस्ट बाय अ थर्मामीटर ना."

"घेतो," तो म्हणाला.

थर्मामीटर त्याने पहिल्याच हिवाळ्यात आणून ठेवला होता, कपाटात, पाकीटबंद. त्या संध्याकाळी त्याने पाकीट फाडलं.