मागचं डावं चाक

मायणी सोडली आणि मागून टक-टक सुरू झाली. आधी वाटलं, आईनं दिलेला पिठाचा डबा असेल. थांबून तो घट्ट बसवला. पुन्हा टक-टक. वेग वाढवला की एकाला एक लागून, कमी केला की सावकाश.

गाडी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आणि चांगलीच जुनी. आबांनी फौजेत गाड्या दुरुस्त केल्या आणि पेन्शनीत आल्यावर वडूजजवळच्या आमच्या गावातल्या सगळ्यांच्या, तेही फुकटात. मला सांगलीला नोकरीवर जायला गाडी द्यायची म्हणून आदल्या दिवशी त्यांनी मागची दोन्ही चाकं उघडून ग्रीस भरलं होतं. म्हणून फोन केला तर ते हसले. "नवं ग्रीस हाय, जरा गरम हुणारच. जा बिनघोर."

बिनघोर कसली जातेय! विट्याच्या अलीकडं एका वळणावर गाडीचं बूड एका अंगाला सरकल्यासारखं वाटलं. उतरून डाव्या चाकावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. चर्र झालं, वाफ निघाली. उजव्या चाकावरून ते नुसतंच ओघळलं.

रांगत रांगत गॅरेज गाठलं, आबांना तसं कळवलं. मेकॅनिकनं लांबूनच निदान केलं, "ब्रेक चिकटलाय." बाई गाडी घेऊन आली की यांचे ब्रेकच चिकटतात. मी म्हटलं, आधी उचलून बघा. जॅक लावला तर चाक हातानं सहज फिरलं. म्हणजे ब्रेक नव्हे. मग त्यानं चाक वर-खाली धरून हलवलं आणि ते खडखडलं. चाकाच्या मधली टोपी काढली. आतला नट सैल झाला होता आणि तो फिरू नये म्हणून घालतात ती पिन जागेवर नव्हतीच.

"कुणी उघडलं व्हतं ह्ये? ताई, आजून थोडं गेला असता, तर चाक तुमच्या फुडं पळालं असतं."

आबांची पद्धत मला पाठ होती. चादर पसरायची, निघेल तो भाग तिच्यावर ओळीनं मांडायचा, चादर रिकामी झाली की काम झालं. फक्त जुनी पिन ते काढल्या काढल्या फेकून देत. वाकवलेली पिन परत वापरायची नाही, हा फौजेतला नेम. म्हणजे पिनेपुरती चादर आधीपासूनच रिकामी; नवी घालायची राहिली तरी कळायचं नाही. ही चूक आबांशिवाय कुणाला जमली नसती.

त्यांचा फोन आला. "काय निघालं?"

त्यांना पिनेचं सांगवेना. "बेरिंग जुनं होतं," मी म्हटलं.

"मी म्हणलंच! कालच त्या शेजारच्या वडापाच्या जीपचंबी उरकलं. आत्ता शिटा भरून गेली वडूजला. तुझी आईबी बसली, बाजाराला."

"आबा, मी खोटं बोलले. डाव्या चाकाला पिन नव्हती. जीप थांबवा."

"मी घातली व्हती."

"नव्हती, आबा. आवं, आई हाय तिच्यात! फोन लावा."

त्यांनी लावला. पुढचं आईनं सांगितलं. ड्रायव्हरनं फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला होता. बारा माणसं रस्त्याच्या कडेला उतरली, चाकांच्या टोप्या निघाल्या. जीपच्या सगळ्या पिना जागेवर होत्या. पण म्हातारा विसरायला लागलाय, हे बारा घरांत पोचायचं ते पोचलं.

तेव्हापासून आबांकडं कुणी गाडी आणत नाही. गेल्या रविवारी मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "तू केलंस ते बराबर केलंस." आई आत गेल्यावर हळूच म्हणाले, "पोरी, जीपला पिना व्हत्या, ह्ये तरी खरं हाय न्हवं? का तेबी बेरिंगावानीच?"