चूक नसलेला मेसेज

उत्तनच्या क्लारा टीचर निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण त्यांचं लाल पेन अजून नोकरीवर आहे. हवामानाचा 'वेदर' आणि 'की नाही' या अर्थाचा 'वेदर' यांच्या स्पेलिंगची गल्लत केली, की त्या अख्खं वाक्य तीनदा लिहायला लावायच्या. मी लिहिलंय. राग अजून गेलेला नाही.

त्यांचा मुलगा रॉनी जहाजावर कुक आहे. त्यालाही सवलत नाही. मेसेज इंग्रजीतच करायचा, चुकला तर दुरुस्त करून तीनदा पाठवायचा, मगच टीचर 'जेवलास का?' म्हणून विचारणार. नऊ वर्षांत त्याचा एकही मेसेज पहिल्या फटक्यात पास झाला नव्हता.

परवा मी त्यांच्याकडे बसलो असताना रॉनीचा मेसेज आला. सहा ओळी, दोन्ही 'वेदर' आपापल्या जागी, चूक एकही नाही. टीचरनी तो दोनदा वाचला आणि स्पीकरवर फोन लावला.

"रॉनी, काय झालंय तुला?"

"काय न्हाय, मम्मी."

"मग मेसेज कोणी लिहिला?"

इंजिनाच्या घरघरीत रॉनी पुटपुटला,

"हात भाजलाय. दोस्ताने टाईप केला. तुला कळू नये म्हणून."

टीचरनी डॉक्टर, मलम, पट्टी सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "बरा झालास की स्वतः लिही. चुकलं तरी चालेल."

हे वाक्य ऐकायला मी तीस वर्षं थांबलो होतो. ऐकलं, पण ते मला नव्हतं.